नळी निघाली, झोप कुठं राहिली?

राजारामपुरीच्या आखीव गल्ल्यांत दवाखाना शोधावा लागत नाही; मुख्य रस्त्यानं सरळ चालत गेलं तरी पाट्या वाचूनच दम लागतो. जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांतून, कोकणातून, सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीकडून माणसं कोल्हापुरात उपचाराला येतात, आणि साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेटचं ऑपरेशन ही त्यातली नेहमीची गोष्ट. बहुतेकांचं 'दुर्बिणीतून' होतं, म्हणजे मूत्रमार्गातूनच आत शिरून वाढलेली गाठ आतून तासून काढतात. बाहेर टाका नाही, दोन-तीन दिवसांत नळी निघते आणि पेशंट घरी जातो. घरी आल्यावर थोडी जळजळ असते, कधी लघवीत लाली दिसते, आणि एक तक्रार हमखास असते: रात्रीची झोप गेली. या तक्रारीचं काय करायचं यावर दोन मतं आहेत. एक जुनं, मायेचं आणि घरोघरी ऐकू येणारं. त्या मताला इथं अण्णा म्हणू. अण्णा ही कुणी एक व्यक्ती नव्हे. बाकावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंटला भेटायला आलेल्यांच्या तोंडी जे मत सापडतं त्याचं हे नाव. दुसरं मत माझं आहे, आणि अण्णांच्या मतात दम आहे म्हणूनच ते नीट वाद घालून मांडावं लागतं.

"ऑपरेशन झालंय, शरीर दमलंय," अण्णा म्हणतात. "झोप येईल तवा झोपू द्या की ओ सर, माणसाला. दुपारी झोपला, दिवेलागणीला आडवा झाला, काय बिघडतंय? रात्री जाग आलीच तर अर्धी गोळी द्यायची. पाणी संध्याकाळपास्नं बंद. आणि झोपताना म्हशीचं गरम दूध, हळद घालून. आमच्या वाडवडलांनी काय निराळं केलंय?"

अण्णा, तुमच्या या चार उपायांवरच माझं बोट आहे. जागरण ऑपरेशनमुळे सुरू होतं हे मान्य. पण दोन-तीन महिन्यांनंतरही ते हटत नसेल, तर ऑपरेशनपेक्षा त्या जागरणावर आपण केलेल्या उपायांकडे आधी बघायला हवं. हा माझा शोध नव्हे. आर्थर स्पीलमन या अमेरिकन निद्रातज्ज्ञानं १९८७ साली निद्रानाशाची कारणं तीन गटांत मांडली. काही माणसांचा पिंडच हलक्या झोपेचा असतो, हा पहिला गट. आजारपण, ऑपरेशन, घरातलं दुःख असं काहीतरी घडतं आणि झोप मोडते, हा दुसरा. आणि मोडलेली झोप भरून काढण्यासाठी माणूस ज्या सवयी लावून घेतो त्या तिसऱ्या गटात येतात: लवकर अंथरुणात जाणं, उशिरापर्यंत लोळणं, दिवसा डुलक्या, गोळी. स्पीलमन यांचं म्हणणं असं की दुसऱ्या गटातलं कारण काळाबरोबर विरत जातं, तिसऱ्या गटातलं मात्र वाढत जातं. जखम भरते, तरी माणूस जागाच राहतो. प्रोस्टेटच्या पेशंटला ही मांडणी फार चपखल लागू पडते, कारण त्याला रात्री उठवणारं एक खरंखुरं कारण आधीपासून हाताशी असतं. लघवी. बाकीची सगळी कारणं तिच्या आड लपतात.

सुरुवातीच्या दिवसांपुरतं अण्णांचं म्हणणं मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. दवाखान्यातल्या रात्री झोपेसाठी नसतातच. तीन तोंडांची नळी घातलेली, तिच्यातून सलाईन आत जातंय आणि गुलाबी पाणी बॅगेत उतरतंय, दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन बॅग बघतंय. नळी जागेवर राहावी म्हणून आत जो फुगा फुगवलेला असतो तो मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो, आणि मूत्राशय रिकामं असूनही 'लागली, लागली' असा निरोप मेंदूला जात राहतो. मधूनच कळ येते. ती मूत्राशयाच्या आकुंचनाची. त्यावर औषध असतं आणि ते मागून घेण्यात कमीपणा नाही. नळी मांडीला नीट चिकटवलेली असणं, ती पायाखाली दबलेली नसणं, बॅग कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगलेली असणं आणि पोट साफ असणं, एवढ्यानंही रात्र पुष्कळ सुसह्य होते. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि मग एकदम उसळून परत येते, असं दिसून आलेलं आहे; काहींना त्या आठवड्यात विचित्र, भडक स्वप्नं पडतात ती त्यामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आतली तासलेली जागा भरून यायला दीड ते तीन महिने लागतात, आणि तोवर लघवीची घाई आणि वारंवारता राहते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतलं जागरण हा वेगळा आजार धरायचाच नाही. तो भरून येण्याचा भाग आहे.

दुपारच्या झोपेबद्दल तर अण्णांच्या बाजूनं चरकसंहिता उभी आहे. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये, असं चरक सांगतात. पण लगेच अपवादही देतात, आणि त्यांत म्हातारे, अशक्त, क्षीण आणि जखमी यांची नावं येतात. ऑपरेशन झालेला सत्तर वर्षांचा माणूस या यादीत एकदा नव्हे, तीन-चारदा बसतो. तेव्हा घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात दुपारी झोप आली तर खुशाल झोपावं. वाद आहे तो त्यानंतरचा. अपवादाची सवय होते, आणि अडीच तास घोरून उठलेल्या माणसाची रात्रीची भूक आधीच भागलेली असते. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारची झोप अर्ध्या तासावर आणि तीनच्या आत आणली पाहिजे. बाकी विश्रांती हवीच. पण विश्रांतीला डोळे मिटावेच लागतात असं नाही. आरामखुर्चीत पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचणं हीसुद्धा विश्रांतीच, आणि या पाय वर घेण्याचा आणखी एक फायदा पुढे येईल.

"ते सगळं खरं," अण्णा म्हणतात, "पण माणूस उठतोय लघवीला. तीनदा, चारदा. गाठ काढली तरी उठतोय. मग पैसे घालून उपयोग काय झाला?"

हा प्रश्न सर्वांत रास्त आहे, आणि याच्याच चुकीच्या उत्तरामुळे जास्त नुकसान होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननं धार सुधारते, अडखळणं थांबतं, मूत्राशय नीट रिकामं होतं. या सगळ्यांच्या मानानं रात्रीचं उठणं कमी सुधारतं, हे मूत्रविकारतज्ज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. कारण रात्री किती वेळा उठायचं हे फक्त प्रोस्टेट ठरवत नाही. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. एखादा दरवाजा अडकत होता आणि तो दुरुस्त केला, तर पाणी सुरळीत सुटेल, पण म्हणून दाजीपूरच्या जंगलातला पाऊस कमी होणार नाही. ऑपरेशन दरवाजाचं झालेलं असतं. पावसाचा हिशोब वेगळा. तरुणपणी मेंदूतून सुटणारं एक संप्रेरक रात्री मूत्रपिंडांना आवर घालतं, म्हणून रात्री लघवी थोडी आणि घट्ट तयार होते. वय वाढतं तसा हा आवर सैल पडतो. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मध्यरात्री लघवी होऊन बाहेर पडतं. मधुमेह ताब्यात नसेल तर तो भर घालतो. आणि घोरता घोरता श्वास अडकणाऱ्यांच्या बाबतीत तर हृदयातूनच एक संप्रेरक सुटतं जे मूत्रपिंडांना जास्त लघवी करायला लावतं. असा माणूस 'लघवीमुळे झोपमोड होते' म्हणत राहतो, प्रत्यक्षात त्याच्या श्वासामुळे लघवी होत असते. यातलं काहीही दुर्बिणीनं तासून निघण्यासारखं नाही.

मग कुणाच्या बाबतीत काय, हे कळायचं कसं? त्यासाठी एक मोजपट्टीचं भांडं आणि एक वही पुरते. नळी निघून दोन-तीन आठवडे झाल्यावर सलग तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायचं, सोबत काय प्यायलं तेही. झोपल्यानंतर झालेली आणि सकाळची पहिली, ही दोन्ही मिळून रात्रीची लघवी धरतात. पासष्टीच्या पुढं ती चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली तर दोष पावसाचा आहे. समजा दिवसभराची बेरीज १८०० मिली आली आणि त्यातली ९०० रात्रीची निघाली. तिसरा हिस्सा ६०० होतो, म्हणजे हा माणूस रात्री जास्त लघवी तयार करतोय आणि त्याचं मूत्राशय कितीही निरोगी असलं तरी त्याला उठावंच लागणार. उलट रात्रीची एकूण लघवी थोडी आणि दर वेळेला जेमतेम ८०-१०० मिली निघत असेल, तर मूत्राशय अजून चिडलेलं आहे किंवा जंतुसंसर्ग आहे किंवा ते पुरतं रिकामं होत नाही. आणि तिसरी शक्यता, जी कुणी बघत नाही: माणूस आधी जागा होतो, मग जागाच आहे तर जाऊन येऊ म्हणून उठतो. हे मूत्राशयाचं दुखणं नव्हे, झोपेचं आहे. या तिघांची औषधं वेगळी. वही न दाखवता डॉक्टरांना 'रात्री उठावं लागतं' एवढंच सांगणारा पेशंट त्यांना अंदाज बांधायला लावतो.

"पाणी बंद केलं की वही कशाला पाहिजे?" असा अण्णांचा सोपा तोडगा आहे. पण ऑपरेशननंतर पाणी तोडणं अंगलट येतं. घट्ट लघवी कच्च्या जागेवर जास्त जळजळते आणि जळजळीनं माणूस जास्त वेळा उठतो. संसर्गाची भीती वाढते. पोट घट्ट होतं, कुंथावं लागतं, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटण्याच्या काळात कुंथल्यानं रक्त पुन्हा दिसू शकतं. तेव्हा डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडांसाठी मर्यादा घालून दिलेली नसेल तर दिवसाचं दोन-सव्वादोन लिटर तसंच ठेवायचं, फक्त वेळ सरकवायची. बराचसा भाग दुपारी चारच्या आत, संध्याकाळी सहानंतर घोटभरच. संध्याकाळच्या चहाला माझी हरकत सवयीपेक्षा वेळेवर आहे. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननं झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. एवढं कॅफीन आपल्या एका कपात नसतं, बऱ्याच कपांत मिळून असतं. पण वयाबरोबर झोप हलकी झालेल्या माणसाला पाच-सहाचा कप टाळून बघण्यात तोटा काही नाही. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. आणि दुपारच्या उत्तरार्धात तासभर पाय उंच ठेवून बसावं. पायातलं पाणी दिवसाउजेडीच निघून जातं, हा तो मघाचा फायदा.

मिठाचा विषय कोल्हापुरात काढणं म्हणजे तांबड्या-पांढऱ्यावर बोलणं, आणि ते जपून करावं. तरी पुरावा सांगतो. नागासाकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात जास्त मीठ खाणाऱ्या आणि रात्री उठणाऱ्या ३२१ जणांना मीठ कमी करायला सांगितलं. त्यांतल्या २२३ जणांना ते जमलं. त्यांचं दिवसाचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं आणि रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर. उरलेल्या ९८ जणांचं मीठ उलट वाढलं आणि त्यांचं उठणंही वाढलं. ही माणसं ऑपरेशन झालेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण जास्त मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि मूत्रपिंडं ते रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत बसतात, ही क्रिया ऑपरेशन झालं म्हणून बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आठ ग्रॅमवर येऊनसुद्धा फरक पडला, हे मला जास्त आशादायक वाटतं. रस्सा दुपारी, रात्री भाजी-भाकरी, आणि ताटातलं लोणचं-पापड महिनाभर बाजूला. रस्सा सोडा असं कुणी म्हणत नाही.

दुधावर अण्णा माघार घेणार नाहीत. ज्या गावात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार काढून तिथंच पेला हातात देतात, तिथं रात्रीच्या दुधाला बोल लावणं सोपं नाही. आणि इथंही चरक त्यांच्याच बाजूचे: झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचं दूध सर्वश्रेष्ठ, असं संहितेत सांगितलं आहे. मी दुधाविरुद्ध नाही, अण्णा. मोठा पेला अडीचशे मिलीचा असतो, आणि साडेतीनशे मिलीला भरणाऱ्या मूत्राशयाच्या माणसानं तो दहा वाजता पिणं म्हणजे मध्यरात्रीची एक फेरी आगाऊ मागवणं. तेच दूध सात वाजता जेवणाबरोबर अर्धा पेला घ्या. दूध तेच, हळद तीच.

आता गोळी. "अर्ध्या गोळीनं काय हत्ती मरतोय?" असं म्हणणाऱ्यांना ती गोळी कुठल्या वर्गातली आहे हे बहुधा माहीत नसतं. झोपेसाठी सर्रास घेतली जाणारी अल्प्राझोलम मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या यादीत आहे; चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते आणि विक्रीची नोंद दुकानदारानं ठेवायची असते. ही बंधनं उगाच आलेली नाहीत. साठीच्या पुढच्या माणसांवरच्या चोवीस अभ्यासांचा एकत्र आढावा २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की झोपेच्या गोळ्यांचा ठळक फायदा तेरा जणांमागे एकाला होतो, आणि काही ना काही त्रास सहा जणांमागे एकाला: दिवसाची गुंगी, विसरभोळेपणा, तोल जाणं. म्हणजे फायद्यापेक्षा अपाय दुपटीहून जास्त. अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पासष्टीनंतर टाळायच्या औषधांची जी यादी केली आहे तिच्यात हा वर्ग येतो. त्यातही आपला पेशंट खास धोक्याचा, कारण तो गोळी घेऊन स्वस्थ पडून राहत नाही, दोनदा-तीनदा उठून चालतो. गोळीच्या अमलाखालचा माणूस, अंधार, मोरीचा उंबरठा आणि ओली फरशी. प्रोस्टेट बरं होतं आणि खुबा मोडतो.

"पण तेरातला तो एक मीच असलो तर?" अण्णांचा हा सवाल निव्वळ हटवाद म्हणून झटकता येत नाही. काही पेशंटना डॉक्टर थोड्या दिवसांसाठी गोळी देतात, आणि दवाखान्यात नर्सच्या नजरेखाली किंवा घरी आठवडाभर, तारीख ठरवून घेतलेली गोळी वेगळी. माझा विरोध आहे तो शेजाऱ्याच्या पट्टीतून आलेल्या, बंद करायची तारीख नसलेल्या अर्ध्या गोळीला. महिनाभर घेऊन अचानक सोडली की पहिल्यापेक्षा वाईट जागरण होतं, आणि त्यातून माणूस असा निष्कर्ष काढतो की गोळीशिवाय आपलं चालत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं तर ती एकदम सोडूच नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावी. सर्दीच्या गोळीनं छान डोळा लागतो म्हणून ती घेणाऱ्यांचाही एक पंथ आहे. जुन्या वर्गातल्या या औषधांनी मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं आणि लघवी अडू शकते. नुकतीच नळी निघालेल्या माणसानं हा जुगार खेळण्याचं काही कारण नाही.

मग गोळीच्या जागी काय? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनं २०१६ साली सांगितलं की जुनाट निद्रानाशावर सगळ्या प्रौढांसाठी पहिला उपचार गोळी नसावा, सवयी आणि विचार बदलण्याचा ठरावीक कार्यक्रम असावा. जुनाट म्हणजे आठवड्यातल्या तीन रात्री आणि तीन महिने. त्या कार्यक्रमाचं सार दोन गोष्टींत आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली पहिली: अंथरूण झोपेसाठीच ठेवायचं. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली, मन भरकटायला लागलं, की उठून खुर्चीत बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. घड्याळ बघायचं नाही, मोबाइल तर नाहीच. दुसरी स्पीलमन यांची: जेवढी झोप प्रत्यक्षात लागते तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा, आणि झोप सलग व्हायला लागली की तो वेळ पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत न्यायचा. ही दुसरी युक्ती कडक आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दीड महिन्यात ती करू नये, आणि फिट्स येणाऱ्यांनी तर तज्ज्ञाशिवाय कधीच नाही. तोपर्यंत तिची सौम्य आवृत्ती पुरते: सकाळी उठायची वेळ पक्की, रात्र कशीही गेली तरी, आणि रात्री साडेनऊ-दहाच्या आत पाठ टेकायची नाही.

इथं अण्णा खरोखर चिडतात. "आजारी माणसाला उठून खुर्चीत बसवायचं? आणि आठ तास झोप नको का त्याला?" आठ तासांचा हा आकडा म्हाताऱ्यांच्या डोक्यावर विनाकारण बसलेला आहे. टांझानियातले हादझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, ज्यांच्या गावी वीज नाही आणि मोबाइलचा उजेड नाही, अशा लोकांच्या झोपेची मोजणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ते सरासरी ५.७ ते ७.१ तास झोपत होते. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होत जाते आणि जाग वाढत जाते, हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं. साडेसहा तास झोपणारा माणूस आठ वाजता अंथरुणात शिरला तर अडीच वाजता त्याची झोप संपणारच. त्याला तो 'रात्रभर डोळा नाही' म्हणतो. झोप पुरली की नाही हे दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डोकं चालतंय का यावरून ओळखावं.

पण प्रत्येक जागरण सवयीच्या खात्यावर टाकणं हा माझ्या मताचा अतिरेक होईल, आणि तो धोका मला दिसतो. लघवी अडली, गाठी पडायला लागल्या, रंग गडद लाल झाला, थंडी वाजून ताप आला, तर वही बाजूला ठेवून त्याच रात्री दवाखाना गाठायचा. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी करून घ्यायला हवी. कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढलेल्यांची नळी आठवडा-दोन आठवडे राहते, नंतर लघवी ठिबकते, आणि पुढं हार्मोनचे उपचार लागले तर रात्री घामाचे लोट येऊन जाग येते. त्यांचं जागरण वेगळं, आणि पीएसए या रक्तचाचणीच्या रिपोर्टच्या आदल्या रात्रीचं जागरण तर आणखी वेगळं. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, तर ते झोपेच्या पलीकडचं आहे. ते बोलून दाखवावं.

"बरं," अण्णा म्हणतात, "सगळं ऐकलं तुमचं. आता मला सांगा, आगमनाच्या मिरवणुकीला काय करायचं? तुमचं टाइमटेबल राहिलं बाजूला, खिडकीच्या काचा हलत्यात." हा आक्षेप मी निरुत्तर होऊन ऐकतो, कारण तो पेशंटच्या सवयींच्या बाहेरचा आहे. राजारामपुरीची गणेश आगमनाची मिरवणूक आणि तिथल्या साउंड सिस्टिम प्रसिद्ध आहेत. दवाखान्यांची एवढी दाटी आणि हा दणदणाट एकाच रस्त्यावर, हे कोल्हापूरनं स्वतःशी केलेलं भांडण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सहा या वेळात निवासी भागात ४५ डेसिबलची आणि शांतता क्षेत्रात ४० डेसिबलची मर्यादा आहे. दवाखान्याभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांततेचं ठेवावं हाही त्याच नियमांचा भाग. २०१७ साली मात्र दुरुस्ती होऊन, राज्य सरकारनं तसं जाहीर केल्याशिवाय ते शांतता क्षेत्र मानायचं नाही असं ठरलं. सणासुदीला वर्षातले पंधरापर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्याला आहेच. कानातले बोळे शिट्ट्या-झांजा अडवतील; छातीत घुमणारा बेस त्यांना जुमानत नाही. त्या रात्री पेशंटला रस्त्यापासून लांबच्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे हलवणं एवढंच हातात राहतं. यावर अण्णांनी सुचवलेला उपाय मात्र मला बिनतोड वाटतो: "ऑपरेशन गणपती झाल्यावर करा." दुर्बिणीचं बरंचसं काम तातडीचं नसतं, लघवी अडलेली नसेल, मूत्रपिंडांवर ताण नसेल तर तारीख पंधरा दिवस इकडं-तिकडं करायला डॉक्टर सहसा तयार असतात. तारीख घेताना पंचांगात मुहूर्त बघतो तेवढंच मिरवणुकीचं वेळापत्रकही बघावं.

शेवटी अण्णांनीच एक गोष्ट काढली जी या सगळ्या वादात माझ्याकडून सुटत होती. "पेशंटचं झालं. वहिनींचं काय? तो उठला की त्याही उठत्यात. दिवा लावत्यात, दारापर्यंत जात्यात. तो परत घोरायला लागतो आणि त्या बसत्यात जाग्या." बरोबर आहे. पेशंटला दुपारी तीननंतर झोपू न देणं, खुर्चीत बसवणं, पाण्याच्या वेळा सांभाळणं, हे सगळं जिच्या जिवावर चालतं तिची झोप कुठल्याच फाइलीत लिहिली जात नाही. म्हणून पलंगाशेजारी पॉट, मोरीपर्यंत जमिनीलगत मंद दिवा, उंबरठ्यापाशी धरायला दांडी, कोरडी फरशी आणि उठल्यावर मिनिटभर कडेला बसून मगच उभं राहायची सवय; एवढं जमलं की दुसऱ्या आठवड्यानंतर ज्याचं त्याला जाता येतं. वही पेशंटनं स्वतः लिहायची. पहिल्या आठवड्यात मुलगा, जावई, भाऊ यांनी रात्री वाटून घ्यायच्या, आणि शक्य असेल तर वहिनींनी दुसऱ्या खोलीत झोपायचं. त्यांच्या दुपारच्या झोपेला तीनची मर्यादा नाही.